कातळावरचे हातवारे

लिहिणं हे माझं काम नाही, म्हणून आधीच माफी मागतो. पोलीस खात्यातून सहायक उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि आता बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसलोय. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मीच पहिला. वर्गातली मुलं मला काका म्हणतात. स्टेशन डायरीपलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण एक शुक्रवार मनातून जात नाही.

भिवंडीत शुक्रवारी लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद असतात. एरवी भिंतींतून, जमिनीतून येणारी खटखट थांबते आणि सगळं गाव पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं. त्या दिवशी मी ठाणे अंमलदार होतो. दुपारी दोनच्या सुमारास निजामपुऱ्यातला एक तरुण बायकोला घेऊन आला. सुट्टी म्हणून दोघं त्याच्या वडिलांसह टेकडीवरचं जुनं लेणं बघायला गेली होती. चढण जेमतेम वीस मिनिटांची. वर डबा खाल्ला, ही दोघं फोटो काढत राहिली आणि वडील दिसेनासे झाले. हाका मारल्या. खाली उतरले असतील म्हणून घरीही जाऊन आली. पत्ता नाही.

मी मिसिंगची नोंद घेतली. वय अडुसष्ट, पांढरा कुर्ता, चाळीस वर्षं लूमवर, कानांनी जवळजवळ बहिरे, साखरेचा आजार.

"डोक्याने कसे आहेत?"

"अब्बा एकदम शहाणे, साहेब. कधी आवाज चढवला नाही."

सून म्हणाली, "त्यांच्या गोळ्या माझ्या पर्समध्येच राहिल्या." पर्स तिने घट्ट धरली होती.

लवकरच खबर लागली. पायथ्याच्या स्टँडवरचा एक रिक्षावाला म्हणाला, "सफेद कुर्तावाला चाचा? निजामपुरा छोड़ा ना मैंने." आमची माणसं गल्ल्यांमध्ये फिरू लागली. तेवढ्यात ठाण्यात एका गुराख्याचा फोन आला.

"सायब, आमच्या कातळावर एक येडा म्हातारा बसलाय. हातवारे करतोय. गाई बुजतात माज्या."

"जवळ जाऊन नाव विचार."

"मी न्हाय जात. करनी-बिरनी करत असंल."

कुठला कातळ, हे मी विचारलंच नाही. आम्ही शोधत होतो तो माणूस शहाणा होता आणि तो निजामपुऱ्यात होता. 'वेडसर इसम, गाई बुजल्याची तक्रार,' असं लिहून, नंबर टिपून मी पान उलटलं.

साडेचारला रिक्षावाल्याने सोडलेला चाचा सापडला. चहा पीत होता. "मेरी मिसिंग किसने लिखाई? बीवी ने?" त्याने विचारलं. तो दुसराच चाचा होता. म्हणजे दोन तास आम्ही चुकीच्या माणसाच्या मागे होतो.

हे सांगायला मी दोघांकडे वळलो. सून दाराबाहेर उभी होती, रस्त्यावर हॉर्नचा गदारोळ. मुलाने आतूनच तिला हाताने काहीतरी केलं. अंगठा ओठांकडे, मग तळवा खाली. ती आत येऊन पाणी प्यायली आणि बाकावर बसली.

"हे काय केलंस?"

"पाणी पी, बस. आमच्या घरात असंच बोलतात, साहेब. अब्बा लूमवर शिकले, आम्ही त्यांच्याकडून."

मला गुराख्याचा फोन आठवला. माझे वडीलही लूमवरच होते. त्यांचा डबा घेऊन जायचो तेव्हा त्या आवाजात सगळे हातानेच बोलायचे, शिव्यासुद्धा. शाळेत मित्रांसमोर वडिलांनी तसे हात केले की मला लाज वाटायची. मी उलटलेलं पान परत उघडलं आणि माझ्या मोबाइलवरून नंबर लावला. कातळ लेण्याच्या टेकडीवरचाच होता; मुलाला घेऊन मी निघालो.

गुराखी टेकडीच्या पायथ्याशी आला तो घाबरलेलाच. "माज्यावर केस घालता काय? मंग गाई कोन हाकंल, तुमचा हवालदार?"

"केस नाही रे. म्हातारा काय करत होता, तेवढं करून दाखव."

त्याने दोन्ही हातांच्या चिमटी जवळ आणल्या आणि एकदम लांब केल्या. मग तळवा खाली दाबला. पुन्हा चिमटी. पुन्हा तळवा.

मुलगा चढणीकडे धावला. मीही ती खूण वाचली होती. तार, म्हणजे मागावरचा धागा, तुटली. लूम बंद कर.

ऊन उतरत होतं. लेण्याच्या मागे, पाण्याच्या टाक्याखालच्या कातळावर ते बसले होते. टाक्याशी घसरून पडले होते, पाय सुजून जांभळा झालेला. खाली शहर निःशब्द पसरलेलं, गोदामांचे पत्रे खाडीसारखे चमकत होते. मुलाला पाहून त्यांनी तीच खूण केली, हळू. मग आपल्या पायाकडे बोट दाखवलं.

ओरडले का नाहीत, असं मी नंतर विचारलं. मुलाने हाताने विचारून सांगितलं, "ओरडून काय होतं, म्हणतात. ओरडलेलं कोणाला ऐकू जातं?"

डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, चालण्याचं सांगता येत नाही. पुढच्याच महिन्यात मी निवृत्त झालो आणि पुढचं काही कळलं नाही. जबाबाच्या कागदावर माणूस काय बोलला ते लिहितात, हात काय करत होते ते लिहीत नाहीत. मी मात्र त्यानंतर समोरच्याचे हात आधी बघतो, वर्गातसुद्धा.

गेल्या शुक्रवारी फोन वाजला. गुराखी होता.

"सायब, तुमचा म्हातारा आलता. काठी घेऊन, पोरगा-सून संगती. पार लेन्यापोत चढला. मला पल्याड बघून हात केला."

"कसा?"

"मूठ अशी हिकडून तिकडं, तिकडून हिकडं. हसत व्हता. काय म्हनला वो?"

लूममध्ये आडवा धागा नेणारा धोटा असाच धावतो.

"लूम चालू झाला म्हणाला," मी सांगितलं.