पाडव्याचा ठराव

ते मला एकदाच भेटले, पालमच्या बसस्टँडवर. शेजारी त्यांची बायको. कायद्यानं वेठबिगारी सुटल्यावरचा त्यांचा हा पहिला पाडवा. शेत, गोठा त्यांच्या गावात. मालक राहायचे पालमला. त्याच मालकाकडं आता पाडवा ते पाडवा सालगडी म्हणून राहायचं होतं, पण ठराव करून.

"गुरुजी, जरा मालक व्हता का? जायाच्या आधी तुमच्यासंगं बोलून पाहतो," ते मला म्हणाले.

मी हो म्हणताच ते मान खाली घालून उभे राहिले. मी म्हणालो, "बसून बोला."

ते बाकाच्या कडेला टेकले. "मालक, सालभर राबतो. पर माझी बायको गोठ्यात शेन काढाया येनार न्हाई."

बाई पदराआड हसली. लग्न झाल्यापासून रोज पहाटे ती तिथं फुकट राबत आली होती.

दोघं मालकाकडं गेली आणि तासाभरानं परतली. माझी बस अजून लागली नव्हती.

"लय चिडले," ते म्हणाले, "पर मानलं."

बाई बाकावर टेकली. मग म्हणाली, "आता पहाटं उठून मी काय करू?"

"नगं उठू." ते म्हणाले. "च्या मी करून ठिवीन."