आजीव वर्गणी आणि नियम चौदा

वार्षिक सभेत मल्लेशप्पांसाठी टाळ्या वाजत होत्या आणि मी त्यांच्या ताळेबंदावर लाल रेघ ओढत होतो.

जुन्या हुबळीतील आमच्या मराठी वाचनालयाचा मी एकोणीस वर्षे ऑडिटर. माझ्या अहवालाला कधी टाळी पडली नाही. मल्लेशप्पा दुर्गदबैल बाजारातील कापडव्यापारी. खजिनदार होऊन एक वर्ष, तेवढ्यात त्यांनी मोठी शिल्लक दाखवली आणि ग्रंथपाल शांताक्कांचा पगार वाढवला. मला मत्सर वाटला, हे मान्य करतो. रेघ मात्र कायद्याची होती.

शिल्लक आली होती नव्या आजीव सभासदांकडून. आजीव सभासद एकदाच पैसे भरतो आणि जन्मभर पुस्तके नेतो. म्हणून ती वर्गणी त्या वर्षाचे उत्पन्न नव्हे. ती राखीव निधी म्हणून बँकेत फिक्स्ड डिपॉझिटमध्ये जायला हवी. मल्लेशप्पांनी तिच्यातून पगार आणि वीजबिल भागवले होते.

मी रजिस्टर पत्र पाठवले. उत्तर आले नाही. दुसऱ्या पत्रात वाचनालयाच्या घटनेतला नियम चौदा अक्षरशः उतरवला आणि रजिस्ट्रारकडे तक्रारीचा इशारा दिला.

कमिटीच्या बैठकीत मल्लेशप्पा तेच पत्र घेऊन आले. दुकानात आलेला पैसा म्हणजे विक्री, एवढेच आपल्याला ठाऊक, असे सांगून त्यांनी चूक कबूल केली. खर्च झालेली रक्कम स्वतः भरण्याची तयारीही दाखवली. मला भांडणसुद्धा मिळाले नाही.

"म्हणजे माझी वाढ गेली," शांताक्का म्हणाल्या. त्यांनी त्या भरवशावर मुलीचे कॉलेजात नाव घातले होते.

"नियमापुढे इलाज नाही," मी म्हणालो.

"आहे की अण्णा, तुमच्याच पत्रात," मल्लेशप्पा म्हणाले आणि पोटनियम दोन वाचू लागले. मूळ निधीस हात लावू नये. व्याज मात्र सेवकांच्या वेतनावर खर्च करावे. "मग जुन्या निधीचे इतक्या वर्षांचे व्याज कुठे गेले?"

ते दरवर्षी निधीतच जात होते. निधीची वाढ समाधानकारक, असा शेरा मारणारा मीच.

"एकोणीस वर्षे, अण्णा?" शांताक्कांनी एवढेच विचारले.

वर्गणी डिपॉझिटमध्ये गेली, व्याजातून पगारवाढ टिकली. आभाराचा ठराव मल्लेशप्पांच्या नावे झाला. दोष शोधला मी, पत्रे लिहिली मी, टपालखर्चही माझाच.

दुसऱ्यावर नियम बजावण्यापूर्वी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. स्वतः उतरवला असेल, तर दोनदा.