एकोणीस, एकोणीस, एकोणीस

या ग्रुपवर मी वर्षभर नुसता वाचतोय. खरं सांगायचं तर हसायलाच आलो होतो. उभा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला, त्यामुळे भूत-बित, शक्ती-बिक्ती असं कोणी काढलं की माझं ठरलेलं — "सिद्ध करून दाखव." आज मीच लिहायला बसलोय आणि सिद्ध करून दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तुम्हीही हसलात तर राग नाही.

ठिकाण — नाशिक, इंदिरानगर. आमच्या कॉलनीला लागून बाग आहे. जॉगिंग ट्रॅक, लॉन, ओपन जिम, आणि गेटमधून आत शिरलं की डाव्या हाताला कडुनिंबाखाली तीन झोके. रविवारी संध्याकाळी तिथे मुंगीला शिरायला जागा नसते, आणि वॉचमन एकटा. म्हणून आम्ही रिटायर्ड मंडळींनी स्वयंसेवकांचा ग्रुप केला. पिवळी जॅकेटं, गळ्यात शिट्ट्या. कोणी लॉनवरचं क्रिकेट थांबवायचं, कोणी भेळवाल्यांना कागद उचलायला लावायचं. ड्युटीचा तक्ता अर्थातच मी करायचो.

सगळ्यात जास्त भांडणं झोक्यांवर. त्यावर मी नियम काढला — तीन मुलं एकदम बसतील, स्वयंसेवक मोठ्याने वीस झोके मोजेल, आणि 'वीस' म्हटलं की तिघांनीही उतरायचं. ही ड्युटी माझ्या बायकोची, सुषमाची.

सुषमा निफाडकडची, आवाज खणखणीत. कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून उभी राहायची आणि मोजायची. 'वीस' झालं की पुढे जोडायची, "पाय जपून, माझ्या राजा." मुलगी असली तरी राजाच!

मग तक्रारी सुरू झाल्या. रांगेतले आईवडील म्हणायला लागले, मॅडम मोजताना चुकतात. एका रविवारी मी स्वतः जाऊन उभा राहिलो. सतरा, अठरा, एकोणीस… एकोणीस… एकोणीस… वीस! पुढच्या तिघांना बरोबर वीस. त्याच्या पुढच्यांना पुन्हा तीन वेळा एकोणीस.

तेव्हा मी सगळ्या ग्रुपसमोर जे बोललो, ते आता लिहितानाही लाज वाटते. म्हणालो, "गणिताच्या मास्तरची बायको, आणि वीसपर्यंत मोजता येत नाही!" सगळे हसले. तीसुद्धा हसली. घरी येताना मात्र एवढंच म्हणाली, "अहो, मला मोजता येतं हो."

"मग मोज ना नीट," मी म्हणालो.

थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "मला झाडांना पाणी घालायची ड्युटी द्या." मी का म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तक्ता बदलून टाकला. त्यानंतर ती झोक्यांकडे कधी फिरकली नाही. पाइप हातात घेऊन त्या बाजूला पाठ करून उभी राहायची.

दिवाळीनंतर एका सकाळी चहा गाळता गाळता ती खाली बसली. हॉस्पिटलमध्ये पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्याला बागेच्या गेटवर फुलं विकणारी मंदा आली. मखमलाबादची, त्यांचा फुलांचा मळा आहे. फोटोसाठी शेवंतीचा हार घेऊन आली आणि दारातच रडायला लागली.

"सर, बाई लय न्यायाच्या होत्या. माझी पोरगी एकटीच झोक्यावर बसायची, मला गिऱ्हाईक सोडून जाता यायचं नाय. ज्यांना ढकलायला बाप असतो त्यांचा पहिला झोकाच वर जातो. एकट्या पोराचे पहिले दोन झोके तर नुसते पाय मारण्यात जातात. बाई म्हणायच्या, ते झोके थोडेच? ते मोजायचे नाहीत."

सुषमाचा हिशोब बरोबर होता. चुकला होता माझा, आणि तेही चारचौघांत तिची फजिती करून. आता माफी मागायची कुणाकडे? फोटोकडे? फोटोला मी मानतच नव्हतो.

त्यानंतर बागेत जाणं बंदच केलं. एप्रिलमध्ये ग्रुपमधले कुलकर्णी घरी येऊन मागेच लागले, सुट्ट्यांची गर्दी आहे, झोक्यांवर कोणी नाही, सर आजचा दिवस या. रविवार होता, सहा वाजले असतील. लख्ख ऊन होतं.

झोक्यांवर दोन मुलगे, दोघांच्या मागे त्यांचे वडील. तिसऱ्यावर सहा-सात वर्षांची एक मुलगी, एकटी. मी मोजायला लागलो. ती बिचारी पाय मारत होती, तिचा झोका हळूहळू वर येत होता. एकोणीसला आलो तेव्हा मनात आलं, आणखी दोनदा म्हणावं. पण रांगेत सगळे ओळखीचे, मीच हसलो होतो ना त्यावर… जीभ रेटली नाही. "वीस" म्हणालो आणि शिट्टी मारली.

कोणीच उतरलं नाही. ते दोन मुलगेसुद्धा. आणि रांगेतली पोरं, जी एरवी एका झोक्यासाठी आकांत करतात, ती गप्प उभी.

"अरे, वीस झाले! उतरा!"

ती मुलगी झोका घेता घेता म्हणाली, "नाही आजोबा, आजी अजून एकोणीसच म्हणतायत."

"कोण आजी?"

हातात साखळ्या होत्या, म्हणून तिने हनुवटीने दाखवलं. कडुनिंबाकडे. तिथे कोणी नव्हतं. बुंध्यापाशी पाण्याचा पाइप गुंडाळून ठेवलेला होता, बस्स.

आणखी दोन झोके झाले. मग तिघांनीही एकदम पाय टेकवले. मी त्या मुलीपाशी जाऊन विचारलं, "तुला उतर असं कोणी सांगितलं?"

"आजींनी. म्हणाल्या, पाय जपून, माझ्या राजा." मग जरा विचार करून मलाच विचारलं, "पण मी तर मुलगी आहे ना?"

तिची मावशी बाकावर बसली होती. तिच्याकडून कळलं, पोरगी आदल्या दिवशीच लासलगावहून आलेली, या बागेत पहिल्यांदाच. ज्यांची मुलं उतरली त्या वडिलांना विचारलं, त्यांनी काही ऐकलं नव्हतं. त्यांना वाटलं, मुलं मस्ती करतायत.

मी कडुनिंबाकडे गेलो. रांग बघत होती, कुलकर्णी बघत होते, बघू देत. चारचौघांतच बोललो होतो, चारचौघांतच म्हणायला हवं होतं. "सुषमा, तुझं बरोबर होतं. चुकलो मी." उत्तर आलं नाही. पोरांना ऐकू आलं, मला नाही. चाळीस वर्षांच्या संसारात तो आवाज मी धड ऐकून घेतला नाही, आता ऐकू ये म्हणून कोणत्या तोंडाने सांगू?

डोकं लढवून पाहिलं. कुणी शिकवलं असेल, रांगेत कोणी कुजबुजलं असेल. काही केल्या बसत नाही. पाहुणी पोरगी आणि सुषमाचे शब्द, याचा मेळ मला लागलेला नाही, तुम्हाला लागला तर जरूर सांगा.

आता झोक्यांची ड्युटी तक्त्यावर कायम माझ्या नावावर आहे. एकोणीसपर्यंत मोजतो आणि थांबतो. कधी मुलं पुढच्याच झोक्याला उतरतात. एखादं एकटं पोर असलं तर आणखी दोन झोके जातात, मग तिघंही एकदम पाय टेकवतात. 'वीस' मी म्हणत नाही. बुंध्याला टेकून, कान देऊन उभा राहतो. मुलं उतरतात, म्हणजे ती म्हणाली असेल.