मागच्या सीटचं वजन

“बाबा, टायर तुम्ही ठरवा,” असं मुलगी फोनवर म्हणाली, तेव्हा मी ऑफिसातून येऊन एक मोजा काढलेला आणि एक पायातच, अशा अवस्थेत पलंगाच्या कडेला बसलो होतो. दुसरा मोजा काढायचं बळ यायला हल्ली जरा वेळ लागतो. त्यामुळे आधी मला वाटलं, ऐकण्यातच चूक झाली.

मुलगी गुडगावला नोकरी करते. सुट्टीच्या दिवशी मैत्रिणींबरोबर गाडी घेऊन बंद ट्रॅकवर जाते आणि फेऱ्या मारते. “शर्यत नसते बाबा, एकेकटं चालवायचं, घड्याळाशी,” हे तिने घरात इतक्यांदा सांगितलंय की माझ्या आईनेही एकदा विचारलं, “घड्याळाने काय गं बिघडवलंय तुझं?” या वेळी मात्र असा ट्रॅक आमच्याच झाशीजवळ निघाला होता. शिवपुरीच्या रस्त्याला कुणा हौशी माणसाने स्वतःच्या जमिनीवर डांबराची वळणावळणाची पट्टी टाकली होती आणि होळीनंतरच्या रविवारी तिथे हौशी लोकांना बोलावलं होतं. मुलगी येणार होती आणि आमचीच छोटी गाडी चालवणार होती. त्या गाडीचे टायर गुळगुळीत झाले होते, नवे घ्यायचेच होते. कुठले, ते मी ठरवायचं होतं.

शाळा संपल्यापासून या मुलीने मला काही विचारलं नव्हतं. सांगते सगळं, पण विचारत नाही. तेव्हा खरं सांगायचं तर तिने त्या ट्रॅकवर काय वेळ लावली याच्याशी मला फारसं देणंघेणं नव्हतं. माझी इच्छा एवढीच होती की टायर असे बसावेत, की पुढच्या खेपेला तिने पुन्हा मलाच फोन करावा.

मग मी अभ्यासाला लागलो. टायरच्या अंगावर जे आकडे असतात, त्यात पहिला रुंदीचा, दुसरा रुंदीच्या मानाने टायरची जाडी किती ते सांगतो आणि शेवटचा आतल्या रिमचा. एवढं कळायला मला दोन संध्याकाळी लागल्या, कारण पहिल्या संध्याकाळी मी व्हिडिओ लावून झोपलो. आमच्या गाडीला मूळचे एकशे पासष्टचे टायर, जाड आणि अरुंद. एकशे पंच्याण्णवचे घेतले तर रुंद आणि चपटे. वळणावर पकड चांगली, पण झाशीच्या खड्ड्यात रिमच वाकायची, आणि बुटक्या टायरमुळे गाडी जाते त्यापेक्षा जास्त वेग काट्यावर दिसायचा. टायरवाला मात्र ठाम होता. “सर जी, चौड़ा डलवाइए, सड़क से चिपक के चलेगी.” मी म्हटलं, इंजिन लहान आहे, ओढायला जड जाईल. तो म्हणाला, “तो इंजन भी बड़ा डलवा लीजिए,” आणि स्वतःच हसला.

शेवटी मधले घेतले. एकशे पंच्याऐंशीचे, पंधरा इंची रिमवर. याच गाडीच्या महागड्या प्रकाराला कंपनीच ते देते, म्हणजे उंचीही जवळपास जुनीच. बायको म्हणाली, “एवढे दिवस डोळे फोडून घेतले आणि आणलं काय, तर मधलं.” मी म्हटलं, आपल्या घरात पडद्यांपासून सगळं मधलंच आहे. “पडदे मी आणलेत,” असं ती म्हणाली, तेव्हा मी विषय वाढवला नाही.

टायर घेतल्याने काम संपत नाही. आमच्यासारख्या, पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचा स्वभाव असा की जोरात वळवायला जावं तर नाक बाहेर पळतं; स्टिअरिंग वळलेलं असतं आणि गाडी मात्र सरळ जायचं म्हणते. हवा थोडी कमीजास्त करून पुढच्या आणि मागच्या टायरची पकड जुळवून घ्यावी लागते. ते जुळलं की गाडी सांगाल तिथे वळते. हे मी दर रविवारी सकाळी बबीन्याच्या रस्त्यावर करून बघत असे. तिथे एका टेकाडाला वळसा घालून रस्ता जातो, आणि सकाळी वर्दळ नसते. लष्कराच्या छावणीत असले प्रयोग करायची माझी छाती नाही.

आता आमच्या घरचा एक जुना नियम सांगायला हवा. गाडी रिकामी न्यायची नाही. आजोबांच्या टांग्यापासून हे चालत आलंय. निघालीच आहे गाडी, तर कुणाला तरी सोडा, काहीतरी पोचवा. मी किल्ली उचलली की आई फिरकीचा तांब्या भरून चपला घालून तयार असते. कुठे चाललोय हे ती विचारत नाही, मागच्या सीटवर डावीकडे जाऊन बसते. तिच्या पायाशी भाजीची पिशवी आणि डिक्कीत चक्कीवर टाकायचा गव्हाचा डबा. वळसा घालून येताना पीठ आणायचं, म्हणजे पेट्रोल वाया गेलं असं होत नाही. शिवाय तिची कंबर धरते म्हणून मागच्या टायरांत हवा आम्ही नेहमीच कमी ठेवतो. पंक्चरवाल्याला सांगावंही लागत नाही. “माताजी वाला प्रेशर,” असं तोच म्हणतो.

तर मी वळणावर गाडी घालायचो आणि मागून आईचा निकाल यायचा.

“आज काय आहे रे तुझ्या मनात?”

म्हणजे बिघडलं. मग मी उतरून पुढच्या चाकांतली हवा जराशी सोडायचो, गुडघे धरून उठायचो आणि पुन्हा फेरी.

“आत्ता बरं गेलं. मघाशी पोटात ढवळलं होतं.”

माझ्याकडे दुसरं कुठलं यंत्र नव्हतं. पण हळूहळू जमत आलं. पुढे बत्तीस, मागे सव्वीस. त्या हवेवर गाडी टेकाडाला अशी वळायची की मला स्वतःचाच संशय यावा. आई म्हणाली, “झोप लागली होती मला.” मी त्याच दिवशी मुलीला कळवलं, गाडी तयार आहे.

ट्रॅकवर आम्ही तिघं गेलो. बायको आली नाही. “तिघं ऊन खाऊन या आणि मग डोकं दुखतंय म्हणा,” असं म्हणून तिने दशम्या बांधून दिल्या. तिथे सगळी पोरंसोरं, टोप्या आणि चष्मे लावलेली. आईला कुणीतरी कडुनिंबाखाली प्लॅस्टिकची खुर्ची दिली. आयोजकाने गाडीत डोकावून सांगितलं, “अंदर कुछ खुला नहीं रहेगा मैडम. डिक्की खाली कर दीजिए, स्टेपनी भी निकाल दीजिए.” गव्हाचा डबा, स्टेपनी, आईची उशी, सगळं मी उतरवून घेतलं आणि कडुनिंबाखाली आमचा संसार मांडला.

मुलगी हेल्मेट घालून गेली. पहिली फेरी तशी सावकाशच असते. दुसरीत तिने वेग घेतला, आणि उजवीकडच्या मोठ्या वळणावर गाडी वळलीच नाही. पुढची चाकं वळलेली, टायर किंचाळतायत आणि गाडी सरळ गवताकडे निघालेली. तिने सावरली. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. ट्रॅकवरून आत आली तेव्हा हेल्मेटमधून तिचा चेहरा दिसत नव्हता, पण दार उघडण्याचा आवाज मी ओळखला. चिडल्यावर तिची आई दार असंच उघडते.

“बाबा, गाडी मुडतच नाहीये. आगे से पकड़च नाही.”

“असं कसं? बबीन्याला तर—”

“बबीन्याला किती स्पीडने नेली होती?”

“आजी झोपली होती,” मी म्हटलं. हे उत्तर नव्हे हे मलाही कळत होतं.

ती खाली बसली, टायरवर हात ठेवला आणि काढून घेतला. “पुढचे उबलतायत. मागचे ठंडेच. मागे काही कामच होत नाहीये.” मग माझ्याकडे बघून विचारलं, “तुम्ही चेक करताना गाडीत कोण होतं?”

“मी आणि आजी.”

“नेहमी?”

“नेहमी.”

“आणि डिक्कीत?”

मी कडुनिंबाखाली बघितलं. तिनेही बघितलं. आई डब्यावर पाय ठेवून दशमी खात होती.

झालं होतं असं. मागे आई आणि गहू असताना मागच्या टायरांना वजन ओढून वळावं लागायचं, म्हणून तेही पुढच्यांइतकेच दमायचे, आणि गाडी गोल फिरायची. आज मागे कुणीच नव्हतं. मऊ टायर आरामात डांबराला धरून बसले होते आणि वळवायचं सगळं काम पुढच्यांवर आलं होतं. कित्येक रविवार खर्चून मी जी गाडी जुळवली होती, ती आईला घेऊन पीठ आणायला जाण्याची गाडी होती. त्या कामात तिचा हात कुणी धरला नसता.

काय चाललंय ते मी आईला सांगितलं. ती लगेच पदर सावरत उठली. “मग एवढंच ना? मी बसते मागे.”

आयोजक धावत आला. “नहीं नहीं माताजी, ड्राइवर अकेला जाएगा.”

“मी काही बोलणार नाही तिच्याशी,” आई म्हणाली. हे मी त्याला हिंदीत सांगितलं नाही.

मुलगी हसली नाही. तिच्या तीनच फेऱ्या उरल्या होत्या आणि ऊन तापायला लागलं होतं. हवा भरायचा छोटा पंप तिनेच आणला होता. मी नळी धरली. मागचे टायर चौतीसवर नेले. कडक केले की त्यांची पकड थोडी सुटते, मागचा भाग फिरायला तयार होतो. वाकून उठताना मला गाडीचाच आधार घ्यावा लागला. मनात आलं, आता ही गुडगावला जाऊन मैत्रिणींना सांगेल, आणि ते सांगताना हसेल, आणि पुढच्या वेळी टायर त्यांच्यातलंच कुणीतरी ठरवेल. तिचं चुकणारही नाही. मला राग नव्हता आला, फक्त आपण खूप वेळ उभे आहोत असं वाटत होतं.

पुढच्या फेरीत गाडी वळली. मोठ्या वळणावर तर छान वळली, पण उताराच्या डाव्या वळणाला तिने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला मात्र, गाडीचं शेपूट अशी झुकांडी खाऊन गेलं की माझ्या तोंडून “अगं” निघालं. ती आत आली, काच खाली केली. घामाने केस कपाळाला चिकटले होते.

“बाबा, मागचं थोडं उतरवू या. किती करू?”

मी डोळे मिटून विचार केला. मघाचं सव्वीस, आत्ताचं चौतीस. “एकतीस,” मी म्हटलं.

ती उतरली, मागच्या चाकाशी बसली, व्हॉल्व्ह दाबून फुस्स केलं, गेज लावला, आणखी जरासं फुस्स. मग दुसरं चाक. मी वाकून गेज बघितला. तेहतीस.

“मी एकतीस म्हटलं होतं.”

“हो, ऐकलं.”

“मग विचारलंस कशाला?”

“तुम्ही आजीच्या हिशोबाने सांगता बाबा. नेहमी थोडं नरमच.” ती हात पुसत उठली. “तुमचा आकडा घ्यायचा आणि त्यात दोन मिळवायचे. आता कळलं मला. पण आधी तुमचा आकडा तर पाहिजे ना.”

“आणि पुढच्या वेळी? तिथे दुसरी गाडी असेल.”

“तर फोन करीन ना. तेव्हा पण दोन मिळवीन.” हेल्मेटचा पट्टा अडकवत ती म्हणाली, “हटा आता, लाइन लागलीये.”

मी हटलो. कडुनिंबाखाली जाऊन स्टेपनीवर बसलो. आईने दशमी पुढे केली.

“काय म्हणत होती?”

“विचारत होती, हवा किती ठेवू.”

“मग तू सांगितलंस?”

“सांगितलं. तिने तिच्या मनाचं केलं.”

“बरोबर आहे,” आई म्हणाली. “पाणी पी आधी. तोंड बघ कसं झालंय.”

उताराचं ते डावं वळण आम्ही बसलो होतो तिथून दिसत नव्हतं, मध्ये झुडपं होती. मी तांब्या तोंडाला न लावता धरून ऐकत राहिलो. गाडीचा आवाज खाली गेला, क्षणभर मंदावला आणि पुन्हा वर चढायला लागला. टायर किंचाळले नाहीत. मग मी पाणी प्यालो.