डावखुऱ्याची भिंत

बुसानच्या डोंगरउतारावरची जी गल्ली सुनजाला लहानपणापासून पाठ होती, ती गेल्या वर्षी पाडली. त्यानंतर तिनं त्याच गल्लीची सात चित्रं केली. एकातही माणूस नाही. फोटो बघून रंगवायचं नाही, हा तिचा नियम. डोळ्यांत उरलं तेवढंच खरं, असं ती म्हणे.

सातवं चित्र नुसत्या एका भिंतीचं. सिमेंटचा गिलावा आणि त्यावर थापी फिरवल्याच्या अर्धगोल खुणा, कमानींसारख्या. त्यात चार महिने गेले. गुरुवारी गाडी येऊन सातही चित्रं प्रदर्शनाला नेणार होती.

सोमवारी तिनं दक-बे काकांना बोलावलं. काका ऐंशीचे, जुने गवंडी. ती भिंत त्यांच्याच हातची. त्यांनी जवाचा चहा संपवला, मग उठून चित्रापाशी गेले.

"ही माझी?"

"तुमचीच, काका."

"उजव्या हाताच्या माणसाची दिसते."

सुनजा हसली. काका हसले नाहीत.

"मी डावखुरा. तू सगळ्या कमानी उलट्या काढल्यास, चित्रकारबाई."

"त्या भिंतीला टेकून मी शाळेचा अभ्यास केलाय!"

"मग बरोबर. पाठीला कसं दिसणार?"

"पण हे कळणार कुणाला?"

"कुणालाच नाही. मुकादम चाळीस वर्षं सांगत होता, हात बदल. मी नाही बदलला. तू चार महिन्यांत बदललास."

सुनजानं एका कमानीवरून उजवा हात हवेत फिरवून पाहिला. भिंत आठवणीतली होती, पण कमानी तिच्याच उजव्या हाताच्या सोयीनं वळल्या होत्या. तिनं पातं घेतलं आणि वरच्या कोपऱ्यापासून रंग खरवडायला लागली.

"गुरुवारपर्यंत वाळेल?" काकांनी विचारलं.

"नाही."

काका खुर्ची ओढून बसले. रिकामा डावा हात त्यांनी हवेत फिरवला.

"सावकाश फिरवा ना."

"सावकाश फिरवला तर गिलाव्याचा माल खाली येतो."

तिनं ब्रश डाव्या हातात घेतला.

"नाटकं नकोत. तुझ्याच हातात धर. वळण तेवढं माझं बघ."

गुरुवारी गाडी आली आणि सहा चित्रं घेऊन गेली. सातव्यावर तोवर अकरा कमानी झाल्या होत्या. काकांनी त्यातल्या तीन ठेवायला सांगितल्या.