चैत्रालीचा विमा

नव्या सलॉनच्या उद्घाटनाचा पेढा शांताक्कानं हातात घेतला, तोंडाला लावल्यासारखं केलं आणि परत येऊन नवऱ्याच्या शिलाई मशीनवर ठेवून दिला.

"तुम्हीच खा. मला गोड सोसत नाही."

नरहरी तीस वर्षं तिच्याबरोबर संसार करत होता. बायकोला गोड किती सोसतं हे त्याला पुरतं ठाऊक होतं. त्यानं पेढा खाल्ला आणि मशीन पुन्हा सुरू केली.

नजरबादमधल्या एका कौलारू इमारतीत त्यांचं दुकान होतं. पुढच्या अर्ध्या भागात नरहरी ब्लाऊज शिवायचा, मध्ये फुलाफुलांचा पडदा, आणि पडद्यामागे शांताक्काचं पार्लर. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, डोकं धुवायचं एक भांडं. मागच्या भिंतीपलीकडे बेकरीची भट्टी होती, त्यामुळे म्हैसूरच्या थंडीतही खोली उबदार असायची. तेवीस वर्षं हे असं चाललं होतं. समोर आता काचेचं दार, सहा खुर्च्या, एसी, आणि पुण्याहून आलेली चैत्राली.

चैत्रालीचा नवरा निशांत कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. ती बत्तीस-तेहतीसची, चटपटीत, बोलायला मोकळी. पहिल्याच भेटीत म्हणाली, "शांताक्का, तुमचं मराठी किती गोड आहे हो! पुण्यात कुणाला ऐकवलं तर वेडे होतील."

शांताक्काच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत, पण त्यात कानडी इतकं मिसळलेलं की कुठलं संपतं आणि कुठलं सुरू होतं ते तिचं तिलाही कळत नसे. ते कुणी गोड म्हटल्यावर तिला लहान मुलीच्या बोबड्या बोलण्याचं कौतुक केल्यासारखं वाटलं. त्या दिवसापासून ती चैत्रालीशी बोलताना शब्द जपून वापरू लागली, आणि म्हणून कमीच बोलू लागली.

थ्रेडिंग करता करता तिचं लक्ष पडद्याच्या फटीतून समोर जायचं. किती स्कूटर लागल्या, कोण आत गेलं, हसत बाहेर आलं की नुसतंच. आपल्या ओळखीची बाई तिकडे शिरताना दिसली की दोरा जरा जोरात ओढला जायचा. "अय्यो, शांताक्का!" म्हणून खुर्चीतली बाई कळवळायची.

सगळ्यांत जास्त तिला सलत होत्या त्या चैत्रालीच्या गल्ल्यामागच्या दोन फ्रेमा. एक कोर्सचं सर्टिफिकेट. दुसरा विम्याचा कागद. दुकानाला आग लागली, चोरी झाली, एवढंच काय, गिऱ्हाइकाला काही इजा झाली तरी कंपनी भरपाई देणार म्हणे. वर्षाला साडेनऊ हजार. बायका हे शांताक्काच्याच खुर्चीत बसून तिला सांगत.

शांताक्काकडे भिंतीवर लावायला असं काही नव्हतं. अठ्ठाविसाव्या वर्षी बेंगळूरला एका नातलगाच्या पार्लरमध्ये तीन महिने केर काढत, दुसऱ्यांचे हात बघत ती शिकली होती. सुरुवातीच्या काळात एका शाळामास्तरणीला केसांचा रंग बाधला, तोंड सुजलं. शांताक्का आठ दिवस गंजीचा, म्हणजे तांदळाच्या पेजेचा, डबा घेऊन दवाखान्यात गेली आणि बिलासाठी हातातली एक बांगडी विकली. मास्तरणीनं तिला माफ केलं. तिनं स्वतःला केलं नाही. तेव्हापासून कानामागे रंगाचा थेंब लावून दोन दिवस थांबल्याशिवाय ती कुणाच्या केसांना रंग लावत नसे, आणि कुणाला, कधी, कुठल्या कानामागे लावला, काय झालं, ते डायरीत लिहून ठेवायची.

सहाना आली ती याच कामासाठी. जवळच्या सरकारी कचेरीतल्या कारकुनाची मुलगी, चार वर्षांची असल्यापासून तिचे केस शांताक्कानंच कापलेले. साखरपुडा पंधरा दिवसांवर आला होता आणि तिला केस लालसर हवे होते. शांताक्कानं थेंब लावला. दोन दिवसांनी कानामागे रुपयाएवढा लाल चट्टा.

"बेडा, पुट्टी," शांताक्का तिला कानडीत म्हणाली. "नको बाळा. हा रंग तुला नाही चालत. मेंदी लावते छान."

"मेंदीनं काय होतंय अक्का? फोटोत दिसतही नाही."

"फोटोत तोंड सुजलेलं दिसलं तर चालेल?"

सहाना गाल फुगवून गेली. तीन दिवसांनी शांताक्कानं पडद्याच्या फटीतून तिची निळी स्कूटर काचेच्या दारासमोर थांबलेली पाहिली.

रस्ता ओलांडायला वीस पावलं होती. जाऊन चैत्रालीला एवढंच सांगायचं होतं की हिला रंग लावू नकोस. शांताक्का उठलीसुद्धा. मग तिच्या मनात आलं, नखं रंगवायला आली असेल. पुढे असं आलं की एवढी शिकलेली बाई आहे, सर्टिफिकेट आहे, तिला कळत नाही का? ती पुन्हा बसली आणि समोरच्या बाईची दुसरी भुवई कोरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सहानाचे डोळे सुजून मिटले. चार दिवस दवाखान्यात काढावे लागले, साखरपुडा पुढे गेला. गल्लीत दुसरा विषय नव्हता. शांताक्काला सहानाचं वाईट वाटलं, अगदी खरं वाटलं. पण त्या दुपारी ती दोन घास जास्त जेवली. समोर एकही स्कूटर नव्हती. आता महिन्याभरात काचेवर 'भाड्यानं देणे आहे' लागणार, असा तिनं मनाशी हिशेब बांधला.

तसं काही झालं नाही. सहानाच्या वडिलांनी वकिलाकडून तीन लाखांची नोटीस पाठवली. चैत्रालीनं विमा कंपनीला फोन केला, कंपनीनं आपला वकील दिला, आणि चैत्राली कात्री घेऊन पुन्हा उभी राहिली. हळूहळू स्कूटरही परत आल्या. शांताक्काच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण बांगडी विकली, आठ दिवस डबे वाहिले, लोकांच्या पायऱ्या झिजवल्या. हिनं नुसता फोन केला.

त्याच तिरीमिरीत तिनं दामोदररावांना बोलावलं. ते विम्याचे एजंट, विठ्ठलाच्या देवळात भजनाला पेटी वाजवायचे, म्हणजे घरचेच.

"समोरचीसारखा कागद मला पण पायजे," ती म्हणाली.

दामोदररावांनी चष्मा लावून खोली पाहिली. छताचं लाकूड पाहिलं, वायरिंग पाहिलं, भिंतीला हात लावला.

"ही ऊब कसली?"

"बेकरीची भट्टी हाय की मागं."

"कोर्सचं सर्टिफिकेट?"

"नाही."

त्यांनी फोनवर आकडे भरले. "शांताक्का, चौदा हजार होतात. त्यातही केस सरळ करायचं औषध आणि रंग, यांनी काही झालं तर भरपाई नाही. सर्टिफिकेट नाही म्हणून."

"तिची जागा तिप्पट हाय. तिला साडेनऊ."

"तिची इमारत नवी, वायरिंग नवं, मागे भट्टी नाही. कंपनी धोका बघते."

"तेवीस वर्षं. एक मास्तरीण सोडली तर कुणाला ओरखडा नाही. ते नाही बघत?"

"कागदावर असेल तर बघेल. काही लिहून ठेवलंय?"

शांताक्का तरातरा आत गेली आणि डायऱ्यांचा गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला. दामोदरराव पानं उलटू लागले. त्यांच्या तोंडावर खरंच कौतुक दिसत होतं, आणि ते पाहून तिला बरं वाटलं. मग सर्वांत वरच्या डायरीत एका पानावर त्यांचं बोट थांबलं.

"सहाना. डावा कान. लाल. रंग नाही म्हणून सांगितलं," त्यांनी वाचलं. "ही तीच?"

शांताक्कानं मान हलवली.

"नोटिशीत लिहिलंय की तिला रंग चालत नाही हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. चैत्रालीची पॉलिसीही माझ्याकडचीच, म्हणून मला माहीत. तिच्या भरपाईची मर्यादा दोन लाख आहे. वरचा एक लाख चैत्रालीच्या पदरचा जाईल." त्यांनी डायरी मिटून परत दिली. "डायरी तुमची आहे. मी काही बोलणार नाही."

ते गेल्यावर पडद्यापलीकडची मशीन थांबली. नरहरीनं सगळं ऐकलं होतं.

"ती पोरगी तिकडं गेली तेव्हा तू बघितलंस?"

"बघितलं."

"मग उठली नाहीस काय?"

"उठले होते."

नरहरीनं दातानं दोरा तोडला. रागावला असता तर तिला भांडता आलं असतं. तो नुसता पुढचं बटण शोधू लागला.

दोन दिवस शांताक्काचं कामात चित्त लागलं नाही. चैत्राली पूर्ण सुरक्षित नाही, तिचंही काही जाऊ शकतं, हे कळल्यावर आनंद व्हायला हवा होता. तो होईना. तिसऱ्या दिवशी सकाळी सलॉन उघडताच ती डायरी घेऊन रस्ता ओलांडून गेली. चैत्राली एकटीच टॉवेलांच्या घड्या घालत होती. तिनं ते पान दोनदा वाचलं.

"हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"ती इथे आली तेव्हा तुम्ही दुकानात होता?"

"होते. बघत होते."

"मग सांगितलं का नाही, शांताक्का?"

शांताक्कानं रस्त्यात दोन-तीन कारणं जुळवली होती. ती तिनं सोडून दिली. "पोट दुखत होतं माझं," ती म्हणाली. "तुझं हे सगळं बघून. सुम्ने, उगीचच. तू माझं काही वाकडं केलं नव्हतंस."

चैत्रालीनं टॉवेलाची घडी पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "मी तिला विचारलं होतं. ती नाही म्हणाली, मी सही घेतली. दोन दिवस थांबायला सांगितलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, म्हणून थेंब लावला नाही. ती चूक माझी." मग तिनं डायरी छातीशी धरली. "हे ठेवते. आणि आज तरी माझ्याशी बोलू नका."

कंपनीच्या वकिलानं ते पान दाखवल्यावर सहानाचे वडील तीन लाखांवरून खाली आले. दवाखान्याचं बिल आणि साखरपुड्याच्या हॉलचे बुडालेले पैसे, एवढ्यावर मिटलं, आणि ते कंपनीनं दिले. सहानाच्या आईनं शांताक्काच्या पार्लरची पायरी सोडली, आणि ओळखीच्या चार जणींनाही सोडायला लावली. चैत्रालीच्या पुढच्या वर्षीच्या विम्याचा हप्ता वाढला. ते ऐकून शांताक्काला क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. दोन्ही एकदमच.

दीड महिना चैत्राली रस्त्यात दिसली तरी मान वळवायची. मग एक दिवस ती आली, डायरी परत दिली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "अनुभवी लोकांसाठी एक परीक्षा असते. कोर्स करावा लागत नाही, हातानं काम करून दाखवायचं. पुढची हुणसूरला आहे. नाव घालायचं असेल तर सांगा."

बसायचा आग्रह केला तरी ती बसली नाही.

शांताक्का बसनं हुणसूरला गेली, तिच्या निम्म्या वयाच्या मुलींमध्ये उभी राहिली, केस कापले, थेंब लावून दाखवला आणि पास झाली. नरहरीनं दुकानातलं जुनं वायरिंग बदलून घेतलं. भट्टी हलवणं कुणाच्या हातात नव्हतं. दामोदररावांनी पुन्हा आकडे भरले. आता रंगाचीही भरपाई होती, आणि हप्ता बारा हजार.

"समोरचीचा किती झाला?" तिनं विचारलं.

"ते मला विचारू नका."

"तिनंच सांगितलंय. अकरा." शांताक्काच्या आवाजात अजून थोडं आंबट होतंच. "इजा तिच्याकडं झाली, आणि जास्त मी भरायचं. बघा की."

"बघितलं," दामोदरराव म्हणाले आणि पेन पुढे केलं.

तिनं कानडीत सही केली, मग त्यांनी दाखवलेल्या जागी पुन्हा एकदा. आत खुर्चीत एक बाई डोक्याला टॉवेल गुंडाळून वाट पाहत होती. शांताक्का पडदा सारून आत गेली.