रोजची अकरा हजार पावलं

निवृत्त झाल्यावर मी आमच्या श्रीवर्धनच्या घरी झोपाळ्यावर जो बसलो, तो सहा वर्षं उठलो नाही. (जेवायला उठायचो. तेही दुसऱ्या हाकेला.)

शेवटी गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टर म्हणाले, "काका, असेच बसलात तर पायांतली ताकद जाईल. मग उठवायला माणूस लागेल." ठाण्याच्या लेकीने, मनीषाने, लगेच पावलं मोजून तिच्या फोनवर दाखवणारं घड्याळ पाठवलं आणि फोनवर दम भरला, "रोज पाच हजार पावलं! महिनाभरात जमलं नाही, तर दोघांना ठाण्याला आणणार." बाराव्या मजल्यावर! घर, वाडी सोडून मी तिथे जगलोच नसतो.

पहिल्या दिवशी नाक्यापर्यंत चाललो. चारशे पावलं झाली. येताना रिक्षा केली.

दुसऱ्या दिवशी बायकोने पुढ्यात सुकलेल्या सुपारीची टोपली आदळली. "बसलायत ना? मग सोला!" सुपारी सोलायला बसलं की हात थांबत नाहीत, एकेका सुपारीला चार हिसके. संध्याकाळी मनगटावरचं घड्याळ थरथरलं. सहा हजार पावलं!

"बाबा, कमाल केलीत!" मनीषाचा फोन. एवढी खूश, की खरं सांगायला माझी जीभच वळेना. "कुठवर गेलात?"

"समुद्रावर वारा फार छान होता," मी म्हणालो. (असणारच की!)

मग काय, मी पेटलोच. आठ हजार, अकरा हजार! शेजाऱ्यांचीही सुपारी मागून आणली. मनीषाने नातेवाइकांच्या ग्रुपवर माझा फोटो टाकला. मेहुण्याने विचारलं, "भावोजी, बूट कुठले घालता?"

महिना संपला आणि मनीषाच आली. "बाबा, हरिहरेश्वरची प्रदक्षिणा करू! तुमच्या पायांमुळेच राहिली होती." ओहोटी बघून आम्ही तिघं निघालो. समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर, जेमतेम विसाव्या पायरीला, माझे पाय लटलट कापायला लागले आणि मी फतकल मारली. मागे रांग तुंबली.

"ओ आजोबा, सरका की! भरती येईल!"

मनीषा घाबरली. "रोज अकरा हजार पावलं चालणारा माणूस असा कसा बसला? आई, बाबांच्या हृदयाचं तर काही नाही ना?"

"काही नाही गं," बायको शांतपणे म्हणाली. "महिनाभरात तीन गोणी सुपारी चाललेत ते."

मनीषा हसली नाही. तिचे डोळेच भरून आले. "बाबा, मी ऑफिसात सगळ्यांना दाखवत होते हो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोघा भाविकांनी काखेत हात घालून मला वर आणलं.

ठाणं टळलं. "तिथे तुम्ही लिफ्टमध्येही स्टूल मागाल," असं म्हणून आता तीच दर शनिवारी येते आणि हाताला धरून मला चालवते. तीन वेळा अर्ध्या वाटेतूनच परतलो. परवा मात्र समुद्र गाठला! मनीषा शहाळं आणायला गेली आणि मी वाळूत धापा टाकत उभा होतो, तोच एकजण लगबगीने आला.

"काका, श्रीवर्धनला पहिल्यांदाच काय? रूम पायजे? एकदम झकास हाय!"

माझा जन्म इथला. पण दम असा लागला होता, की तोंडातून शब्द फुटेना. दोन रूम बघून झाल्यावर सांगितलं त्याला.